बधिर जिव्हेचा इतिहास

मनुष्यास जें नित्य अनुभवास येतें त्याचें त्यास नवल वाटत नाहीं, आणि ज्याचें नवल वाटत नाहीं त्याविषयीं तो प्रश्नही विचारीत नाहीं. शास्त्रांच्या इतिहासांत मोठमोठे शोध पुष्कळदां याच एका कारणानें वर्षानुवर्षें खोळंबून राहिले आहेत. वस्तु समोर असते, तिचा गुण सर्वांस ठाऊक असतो. परंतु त्या गुणाची ज्यास गरज आहे तो मनुष्य आणि ती वस्तु यांची गांठ पडलेली नसते. दंतवैद्याच्या खुर्चींत बसून आपण हिरडींत जी सुई टोंचून घेतों, तिच्यांतील औषधाचा इतिहास हें या गोष्टीचें उत्तम उदाहरण आहे. व तोच आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास दोन घरगुती प्रसंग कारण झाले. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका दाढेच्या मुळाशीं पू होऊन गाल सुजला. दंतवैद्यांनीं हिरडींत सुई दिली, थोडा वेळ थांबून हत्यार लावलें, आणि आम्ही खुर्चींतून जवळजवळ उठलोंच. त्यांनीं पुन्हां एकदां औषध टोंचलें; तरी दाढेची जाणीव जशीच्या तशी जागी होती. "आज राहूं द्या; आधीं सूज उतरूं द्या," असें म्हणून त्यांनीं आम्हांस घरीं पाठविलें. यांच्या हातास गुण नाहीं, असा निकाल आम्हीं त्या वेळीं मनांतल्या मनांत देऊन टाकला. पुढें सहा महिन्यांनीं आमच्या मातोश्रींच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढण्याचा प्रसंग आला. त्यांच्या सासूबाईंनीं, म्हणजे आमच्या आजीनें, जागेपणीं डोळ्यास शस्त्र लावून घेणार नाहीं असा हट्ट धरून शेवटचीं वर्षें अंधारांत काढिलेलीं मातोश्रींनीं पाहिलीं होतीं. त्यामुळें त्यांच्याही मनांत भय होतें. परंतु डोळ्यांत औषधाचे थेंब पडले, आणि अर्ध्या तासाच्या आंत त्या आपल्या पायांनीं चालत बाहेर आल्या. औषध एकाच जातीचें. तें उघड्या डोळ्यास शांत करतें आणि एका दाढेपुढें हात टेकतें, हें कसें? या प्रश्नाच्या मागें लागून आम्हीं जें वाचलें त्याचें सार पुढें देत आहों.

शस्त्राची वेदना कमी करण्याची खटपट फार जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास मद्य पाजावें असें सांगितलें आहे. 16 ऑक्टोबर 1846 रोजीं बोस्टन येथें मॉर्टन यानें ईथरची वाफ हुंगवून रोग्यास निजविलें, आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें सिम्सन यानें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. मानवजातीवर हे उपकार अनंत आहेत. परंतु या उपायांत एक मोठी गोम होती. दुखणें एका बोटाचें असलें तरी गुंगी सर्व देहास द्यावी लागे. 1848 च्या जानेवारींत इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढविण्यासाठीं क्लोरोफॉर्म हुंगली, व कांहीं मिनिटांतच मरण पावली. एका नखासाठीं प्राण गेला. ज्या भागावर शस्त्र चालावयाचें तेवढाच बधिर करतां आला तर, ही इच्छा तेव्हांपासून अनेक वैद्यांच्या मनांत घोळत होती.

आणि ती पुरविणारी वस्तु पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस लोक कित्येक शतकें चघळीत होते. पेरू व बोलिव्हिया या देशांतील अँडीज पर्वतावर कोका नांवाचें झुडूप होतें. त्याचीं वाळलेलीं पानें तेथील कष्टकरी लोक गालांत धरून बसतात. त्यानें भूक व थकवा यांची जाणीव मंदावते. आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट अशी, कीं हीं पानें नुसतीं चघळीत नाहींत. त्यांबरोबर चुना किंवा राख घेतात. आपल्याकडील तंबाखू मळणाऱ्यास याचें कारण विचारलें तर तो म्हणेल, कीं चुन्यावांचून तंबाखू लागत नाहीं. अँडीजमधील मनुष्यही कोकाविषयीं तेंच सांगेल. त्या चिमूटभर चुन्यांत आमच्या दाढेच्या कोड्याचें उत्तर होतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें. तें यथाक्रम सांगूं.

1860 च्या सुमारास जर्मनींतील गटिंगेन येथें आल्बर्ट नीमान या तरुण रसायनशास्त्रज्ञानें या पानांतून पांढरे स्फटिक वेगळे काढून त्यांस कोकेन हें नांव दिलें. त्यानें ते जिभेवर ठेवून पाहिले, व जीभ बधिर होते अशी नोंद केली. पुढें थोड्याच दिवसांत, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, तो वारला. 1880 मध्यें फॉन आन्रेप यानें हें द्रव्य स्वतःच्या कातडीखालीं टोंचून घेतलें, आणि तेथें टांचणीचें टोंक कळेनासें होतें असें लिहून ठेविलें. वीस वर्षें हीं विधानें ग्रंथांत छापलेलीं होतीं. तीं वाचणारेही होते. पण त्यांतून शस्त्रक्रियेंत त्याचा उपयोग प्रचारांत आला नाहीं.

1884 सालीं व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत दोन तरुण वैद्य होते. एकाचें नांव झिग्मुंड फ्रॉइड. पुढें मानसशास्त्रांत त्याचा डंका जगभर वाजला. परंतु त्या काळीं तो कीर्ति आणि लग्नापुरता पैसा या दोहोंच्या शोधांत होता. कोकेनवर त्यानें त्या वर्षीं जुलैंत एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. थकवा, उदासीनता, मॉर्फीनचें व्यसन या सर्वांवर हें औषध चालेल अशी त्याची कल्पना होती. दुसरा कार्ल कोलर. त्यास नेत्रवैद्य व्हावयाचें होतें. डोळ्याच्या शस्त्रक्रियेंत ईथर कुचकामाचें, हें त्याच्या गुरुजनांनीं त्याच्या मनावर ठसविलें होतें. कारण गुंगीनंतर येणाऱ्या ओकाऱ्यांनीं डोळ्याची नाजूक जखम पुन्हां फुटे, आणि शस्त्र चालूं असतां रोग्याचें साहाय्यही मिळत नसे. म्हणून कोलरनें मॉर्फीन, क्लोरल वगैरे अनेक द्रव्यें जनावरांच्या डोळ्यांत घालून पाहिलीं, व त्यांत यश न आल्यामुळें तो नाद सोडून दिला होता. परंतु प्रश्न मनांत जागा होता.

फ्रॉइडच्या सांगण्यावरून कोलर व त्याचे सोबती कोकेनचे प्रयोग स्वतःवर करीत होते. एके दिवशीं एका सोबत्यानें चाकूच्या टोंकावर चिमूटभर पूड घेऊन तोंडांत टाकली आणि तो सहज म्हणाला, कीं यानें जीभ किती बधिर होते! असा अनुभव खाणाऱ्या प्रत्येकास येतो, असें उत्तर कोलरनें दिलें; आणि तें देतां देतांच त्याच्या डोक्यांत प्रकाश पडला, कीं जें आपण इतके दिवस शोधीत होतों तें आपल्या खिशांतच आहे. तो तडक प्रयोगशाळेंत गेला. पाण्यांत विरघळविलेल्या कोकेनचा थेंब बेडकाच्या एका डोळ्यांत टाकला. मिनिटाभरानें त्या डोळ्यास सुईनें स्पर्श केला, ओरखडा काढला, तरी बेडूक हालला नाहीं. दुसऱ्या डोळ्यास नुसता स्पर्श होतांच तो दचकला. ससा व कुत्रा यांवरही तेंच दिसलें. मग कोलर व प्रयोगशाळेंतील त्याचा साथी यांनीं एकमेकांच्या डोळ्यांत थेंब घातले, आरसा समोर धरला, आणि टांचणीच्या डोक्यानें स्वतःचें बुबुळ दाबून पाहिलें. कांहींच कळत नव्हतें.

फ्रॉइड त्या वेळीं आपल्या वाग्दत्त वधूस भेटावयास हॅम्बुर्गकडे गेला होता. तो परत येईपर्यंत शोध लागून चुकला होता. 15 सप्टेंबर 1884 रोजीं हायडेलबर्ग येथें नेत्रवैद्यांची परिषद भरली. पण कोलरपाशीं तेथें जाण्यापुरते पैसे नव्हते. त्याचा निबंध त्रिएस्तच्या ब्रेटाउअर नांवाच्या वैद्यानें वाचून दाखविला व प्रयोगही करून दाखविला. थोड्याच आठवड्यांत ही वार्ता युरोप-अमेरिकाभर पसरली. पुढील वर्षीं फ्रॉइडच्या वडिलांच्याच डोळ्यावर कोकेनच्या साह्यानें शस्त्रक्रिया झाली, तेव्हां कोलर आणि फ्रॉइड दोघेही तेथें हजर होते. कोलरला मात्र व्हिएन्नाचें सुख लाभलें नाहीं. 1885 च्या जानेवारींत एका सहकाऱ्यानें यहूदी म्हणून त्याचा अपमान केला. कोलरनें त्याच्या मुस्कटांत मारली. प्रकरण तरवारींच्या द्वंद्वयुद्धावर गेलें. त्यांत तो विजयी झाला, परंतु तें शहर त्यास सोडावें लागलें. 1888 मध्यें तो न्यूयॉर्कला गेला, तेथें नेत्रवैद्यकाचा व्यवसाय केला, आणि 1944 मध्यें तेथेंच वारला.

फ्रॉइडनें हातचा शोध गमावला, असें सांगण्याची चाल आहे. आम्हांस ती रास्त वाटत नाहीं. फ्रॉइडला बधिरतेची माहिती होती. कोलरला बधिरतेची गरज होती. माहिती व गरज यांत जें अंतर आहे, तेंच नीमानच्या टिपणापासून कोलरच्या थेंबापर्यंतच्या चोवीस वर्षांचें अंतर होय.

पण या शोधाची किंमतही लौकरच मोजावी लागली. न्यूयॉर्कमध्यें विल्यम हॉल्स्टेड या शस्त्रवैद्यानें कोकेन ज्ञानतंतूच्या वाटेवरच टोंचलें, तर तो तंतु जेथवर पसरला आहे तेथवरचा सर्व भाग बधिर होतो, हें दाखवून दिलें. खालच्या जबड्याच्या एका तंतूस गांठून निम्मा जबडा बधिर करण्याची दंतवैद्यांची आजची रीत त्याच्याच प्रयोगांतून निघाली. परंतु हे प्रयोग तो व त्याचे सोबती स्वतःवर करीत, आणि त्यांत त्यांस कोकेनचें व्यसन जडलें. हॉल्स्टेड पुढें जॉन्स हॉप्किन्स येथें नामांकित प्राध्यापक झाला. पण कोकेन सोडण्यासाठीं मॉर्फीन धरलें, तें 1922 मध्यें मरेपर्यंत सुटलें नाहीं. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई-कलकत्त्यास विड्यांतून कोकेन खाण्याचें व्यसन पसरून सरकारास निर्बंध घालावे लागले होते.

जर्मनींत कील येथें ऑगस्ट बीअर यानें 1898 च्या ऑगस्टांत पाठीच्या कण्यांतील द्रवांत कोकेन सोडून कमरेखालचा भाग बधिर केला. रोग्यांवर प्रयोग झाल्यावर त्यानें स्वतःवर तो करवून घेण्याचें ठरविलें. पण पिचकारी सुईस नीट बसेना, आणि कण्यांतील द्रव व औषध दोन्हीं सांडून गेलीं. तेव्हां त्याचा साहाय्यक हिल्डेब्रांट पुढें सरला. त्याच्या पायांस चिमटे काढले, जळती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडीनें ठोके दिले. त्यास वेदना झाली नाहीं. संध्याकाळीं दोघांनीं मद्य व सिगार यांनीं हा विजय साजरा केला. दुसऱ्या दिवसापासून बीअरला नऊ दिवस असें डोकें धरलें, कीं आडवें पडल्यावांचून आराम नसे. कण्यांत सुई घेतल्यावर कित्येकांस जी डोकेदुखी होते तिची पहिली हकीकत ती हीच. आज सिझेरियनच्या वेळीं आई शुद्धीवर राहून मुलाचें पहिलें रडणें ऐकते, त्या सोयीच्या मुळाशीं ही सांडलेली पिचकारी आहे.

कोकेनचा गुण ठेवावा व दोष टाकावा, यासाठीं रसायनशास्त्रज्ञ झटूं लागले. म्युनिक येथें आल्फ्रेड आइनहॉर्न यानें तयार केलेलें प्रोकेन 1905 च्या सुमारास नोवोकेन या नांवानें बाजारांत आलें. त्याची चटक लागत नसे. परंतु तें सावकाश चढे आणि लौकर उतरे. कोकेन स्वतः रक्तवाहिन्या आंखडतें, म्हणून जागच्या जागीं टिकतें. प्रोकेनला तो गुण नव्हता. ही उणीव हाइनरिश ब्राउन यानें त्यांत अॅड्रेनॅलिनचा अंश मिसळून भरून काढली. रक्तवाहिन्या आंखडल्या म्हणजे रक्त औषधास लौकर वाहून नेत नाहीं.

याहून सरस औषध सांपडलें तें सातूच्या शेतांत. स्टॉकहोममध्यें फॉन ऑयलर याच्या प्रयोगशाळेंत सातूच्या कांहीं जातींचा अभ्यास चालला होता. त्यांतील ग्रामीन नांवाचें द्रव्य कृत्रिम रीतीनें बनवितांना होल्गर एर्टमान याच्या हातून त्याचा एक भाऊबंद तयार झाला. त्यानें तो चाखला, आणि जीभ बधिर झाली. जिभेनें तिसऱ्यांदां हांक मारली. पण या वेळीं ऐकणाऱ्यास तिचा अर्थ ठाऊक होता. त्या धाग्यावरून निल्स लॉफग्रेन यानें अनेक द्रव्यें बनविलीं, व त्याचा तरुण साथी बेंग्ट लुंडक्विस्ट यानें तीं स्वतःच्या अंगांत टोंचून पाहिलीं. 1943 मध्यें हातीं आलेलें द्रव्य म्हणजे लिडोकेन. 1948 पासून तें झायलोकेन या नांवानें विकूं लागलें, आणि आज आपल्या गांवोगांवच्या दवाखान्यांत हें नांव घरच्यासारखें झालें आहे.

हीं औषधें करतात तरी काय, याचा उलगडा प्रचारांत आल्यावर बऱ्याच वर्षांनीं झाला. हॉजकिन व हक्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञांनीं कोंकणच्या किनाऱ्यावर ज्यास माकूल म्हणतात त्या जातीच्या प्राण्याच्या जाड ज्ञानतंतूवर प्रयोग करून 1952 मध्यें दाखविलें, कीं तंतूच्या आवरणांत सूक्ष्म द्वारें आहेत. तीं उघडलीं म्हणजे सोडियमचे धनभारित कण आंत घुसतात, आणि हीच लाट पुढें पुढें सरकत मेंदूपर्यंत जाते. बधिर करणारें औषध या द्वारांत अडसर घालतें. दांत दुखतच असतो. त्याची वार्ता मात्र निघत नाहीं. वेदना नेणारे तंतु बारीक असल्यामुळें ते सामान्यतः आधीं बंद पडतात, व दाबाचे जाड तंतु मागून. म्हणूनच दाढ उपटतांना ओढ कळते, पण वेदना कळत नाहीं.

आतां चुन्याची गोष्ट. हा अडसर द्वारास आंतून बसतो. औषधाचे कण दोन रूपांत असतात: एक विद्युत्भार असलेलें व दुसरें भाररहित. तंतूचें आवरण स्निग्ध असल्यामुळें त्यांतून भाररहित रूपच आंत शिरतें; आंत गेल्यावर पुन्हां भार घेतें, आणि मग अडसराचें काम करतें. चुन्यासारख्या क्षाराच्या संगतींत भाररहित कण वाढतात. म्हणून अँडीजचा मजूर पानांबरोबर चुना घेतो. उलट जेथें पू झाला आहे तेथें आम्लता वाढलेली असते. बहुतेक कण भार धरून बाहेरच राहतात, आणि सुजलेल्या जागेंतील वाढलेलें रक्त त्यांस वाहून नेतें. तात्पर्य, आमच्या दंतवैद्यांच्या हातास गुण नव्हता असें नव्हे. आमच्या दाढेच्या मुळाशीं आम्ल होतें. "सूज उतरूं द्या" हें वाक्य आम्हांस त्या दिवशीं टाळाटाळीचें वाटलें. तें शुद्ध रसायनशास्त्र होतें. ज्या माणसाविषयीं आम्हीं मनांत अन्याय केला त्यांस पुढें भेटून हें सांगितलें, तेव्हां ते नुसते हंसले.

मग वैद्य औषध निवडतो तें कशावरून? पहिला प्रश्न वेळेचा. लिडोकेन कांहीं मिनिटांत चढतें आणि सुमारें एक-दोन तास टिकतें. 1957 मध्यें शोधलेलें ब्युपिव्हाकेन सावकाश चढतें, पण कित्येक तास पुरतें. म्हणून लांबलेल्या शस्त्रक्रियेस व प्रसूतीच्या वेदनांस तें उपयोगी. दुसरा प्रश्न प्रकृतीचा. प्रोकेनच्या जातीचीं औषधें रक्तांतच फुटतात, पण त्यांच्या तुकड्यांपैकीं एक कित्येकांस सोसत नाहीं. लिडोकेनच्या जातीचीं यकृतांत फुटतात, म्हणून यकृत दुबळें असल्यास मात्रा जपून द्यावी लागते. तिसरा प्रश्न हिशेबाचा. अॅड्रेनॅलिनवांचून लिडोकेनची मर्यादा देहाच्या दर किलोग्रॅममागें सुमारें 4.5 मिलिग्रॅम धरतात. 50 किलोग्रॅमच्या मनुष्यास ती 225 मिलिग्रॅम होते. आणि शेंकडा 2 च्या औषधांत दर मिलिलिटरास 20 मिलिग्रॅम असल्यामुळें सुमारें 11 मिलिलिटरांत ती संपते. मर्यादा ओलांडली किंवा सुई नकळत रक्तवाहिनींत गेली, तर ओंठांभोंवतीं मुंग्या येतात, कानांत नाद होतो, पुढें झटके येतात. कारण मेंदु व हृदय यांतही तींच द्वारें आहेत.

ब्युपिव्हाकेनच्या बाबतींत हा धोका विशेष कठीण ठरला. 1979 मध्यें ऑलब्राइट नांवाच्या अमेरिकन वैद्यानें या औषधानें एकाएकीं हृदय बंद पडल्याच्या हकीकती पुढें मांडल्या, व 1984 मध्यें त्या देशांत त्याचा शेंकडा 0.75 चा तीव्र प्रकार प्रसूतीसाठीं बंद झाला. पुढें 1996 च्या सुमारास रोपिव्हाकेन आलें. ब्युपिव्हाकेनमध्यें आरशांतील बिंबप्रतिबिंबासारखे दोन प्रकारचे कण मिसळलेले असतात; रोपिव्हाकेनमध्यें हृदयास सौम्य अशी एकच बाजू आहे. 1998 मध्यें वाइनबर्ग यानें उंदरांवर दाखविलें, कीं शिरेंतून स्निग्ध द्रव दिल्यास ब्युपिव्हाकेननें थांबूं लागलेलें हृदय सांवरतें. 2006 मध्यें मनुष्यावरही त्याचा प्रत्यय आल्याचें प्रसिद्ध झालें. औषधाची ज्या स्निग्धतेकडे ओढ असल्यामुळें तें तंतूंत शिरतें, तीच ओढ त्यास हृदयापासून दूर नेण्याच्या कामीं आली.

सर्वोत्तम असें औषध यांत एकही नाहीं. प्रत्येकानें एक दोष घालवून दुसरा पदरीं घेतला आहे, आणि वैद्याचें कौशल्य या रोग्यास, या जागीं, या घटकेस कोणता दोष सोसेल तें ओळखण्यांत आहे.

मातोश्रींच्या डोळ्यावरील पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशीं त्यांनीं वर्तमानपत्र मागून घेतलें व बारीक अक्षर वाचून दाखविलें. मग आजीची आठवण काढून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. हे थेंब कोणीं शोधले, असें त्यांनीं विचारल्यावर आम्हीं कोलरची हकीकत सांगितली. बेडूक, टांचणी, आरसा, आणि परिषदेस जाण्यापुरते पैसे नसल्यामुळें दुसऱ्यानें वाचलेला निबंध. त्यांनीं सर्व लक्षपूर्वक ऐकलें. मग वर्तमानपत्राची घडी घालीत म्हणाल्या, "एवढी शहाणी माणसं जमली होती, त्यांतल्या एकालाही त्या पोराचं गाडीभाडं द्यावंसं वाटलं नाहीं होय रे?"